थेंब पडू द्यायचा नाही

आमची भट्टी बघायला पाहुणे येतात आणि पाचव्या मिनिटाला जांभई देतात. त्यांचा दोष नाही. तासाला अर्धा मिलिमीटर या वेगाने जे घडतं ते बघण्यासारखं नसतंच. वरून एक काळी कांडी लोंबते, खालून एक उभी असते. चार दिव्यांचा उजेड चार आरशांनी मधल्या एका बिंदूवर गोळा केलेला असतो, आणि तिथे दोन कांड्यांच्या मध्ये वितळलेला एक थेंब अधांतरी असतो. त्याला भांडं नाही. भांडं आलं की भांड्याची घाण आत उतरते. दोन्ही कांड्या हळूहळू खाली सरकतात, थेंब जागच्या जागी राहतो, आणि त्याच्या खालच्या अंगाला पदार्थ थिजत थिजत एकसंध स्फटिक होत जातो. आठ दिवसांत बोटभर.

त्या आठ दिवसांत थेंब पडू द्यायचा नाही, एवढंच माझं काम. ताव जरा चढला की तो ढळतो, जरा उतरला की गोठतो, आणि दोन्ही वेळा केलेलं सगळं पाण्यात जातं. म्हणून काळ्या काचेतून डोळ्यात तेल घालून बघत बसायचं. अकरा वर्षं मी हेच करत होते; रात्रीपुरता सर एखादा विद्यार्थी बसवायचे. माझी ताई फोनवर विचारायची, "तू तिथे नक्की करतेस तरी काय?" मी म्हणायचे, "एक थेंब सांभाळते." ती म्हणायची, "म्हणजे तान्हं बाळच की!"

हा सगळा खटाटोप कशासाठी, तेही सांगते. काही पदार्थ फार थंड केले की त्यांच्यातून वीज अजिबात न अडखळता वाहते. आमचा पदार्थ हेच काम इतरांपेक्षा पुष्कळ वरच्या तापमानाला करतो. वरचं म्हणजे तरी माणूस जागीच गोठेल इतकं थंड, पण शास्त्रज्ञांच्या लेखी तो उकाडा. असं का होतं, हे कोणालाच धड माहीत नाही. ते कळायला आधी पदार्थ निर्मळ हवा. नाहीतर दिसलेली गोष्ट पदार्थाची की त्यातल्या घाणीची, हे कोण सांगणार?

आमच्या सरांना माझ्या स्फटिकांत एक गोष्ट सापडली होती. अगदी खोल थंडीत त्यांच्यात एक क्षीण चुंबकी खूण उमटायची. सरांनी तिचं नाव ठेवलं 'कुजबुज', आणि सगळं रहस्य तिच्यातच दडलंय असा सिद्धांत मांडला. तिचा आलेख चौकटीत घालून त्यांनी खुर्चीमागे टांगला होता. इतर कोणाच्या स्फटिकात ती कुजबुज सापडत नव्हती. त्यावर सर म्हणत, "त्यांचे स्फटिक कच्चे. आमच्या बाईंच्या हातात काहीतरी आहे." हे ते पाहुण्यांसमोर म्हणत, आणि मी मान खाली घालून आतल्या आत फुगत असे.

याच हातांनी माझा घात केला. मी मुदतीआधी निवृत्तीचा अर्ज दिला त्याला तीन वर्षं झाली होती. अर्ज सरांच्या खणात. विचारलं की एकच उत्तर, "तुमच्यासारखा एक हात तयार करा. त्याच दिवशी सही करतो." पहिला आला तो उंचच्या उंच मुलगा, त्याला आम्ही जिराफ म्हणायचो. सात महिन्यांत पळाला. दुसरा इतका शंकेखोर की थेंबापेक्षा तोच जास्त थरथरायचा. दोघांच्याही स्फटिकांत कुजबुज नव्हती.

कोणी म्हणेल, मग सरळ उठून चालू लागायचं. सही नसताना गेले असते तर कोणी पोलीस पाठवले नसते. पण मला ते जमलं नाही, हे कबूल करते. 'तुमच्यावाचून भट्टी बंद पडेल' हे वाक्य म्हणजे बेडी आहे हे मला कळत होतं, आणि तरी मी ती बांगडीसारखी मिरवत होते. त्या खोलीला खिडकी नव्हती. आरशांचा पंखा, पंपाची घरघर, काळी काच आणि मी. घरी गेले तरी डोळे मिटल्यावर थेंबच दिसायचा.

आणि तिकडे ताईचे डोळे जात होते. ताई माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनेच माझ्या वेण्या घातल्या, पाढे घेतले, पाठीत धपाटेही घातले. ती एकटी राहायची, माझ्यापासून दीड दिवसाच्या प्रवासावर. उजवा डोळा गेलाच होता. डाव्याला डॉक्टरांनी वर्षअखेरपर्यंतची मुदत दिली होती. ती रडणाऱ्यातली नाही. फोनवर एवढंच म्हणाली, "मला तुझं तोंड दिसतंय तोवर ये. नंतर आलीस तर आवाज ऐकेन, पण आवाज काय, फोनवरही ऐकतेच."

या वेळी तिसरी शिकाऊ आली होती. तिला काहीही विचारा, "लख्ख झालंय, मॅडम," हेच उत्तर, म्हणून तिचं नावच लख्ख पडलं. ती खल तीनदा धुवायची, चिमटे धुवायची, धुतलेले हात पुन्हा धुवायची. बाटली उघडण्याआधी लेबल वाचायची, रोजचीच बाटली असली तरी. मी म्हटलं, "अगं, कालपासून त्यात काय बदललं असेल?" तर म्हणाली, "काही नाही, मॅडम. पण वाचलं की बरं वाटतं." माझ्या वहीत लिहिलं होतं त्याच्या पलीकडे ती तसूभरही जायची नाही. आमच्या प्रयोगशाळेचा नियमच आहे, वहीत नाही ते केलेलं नाही.

तिचा पहिला स्फटिक निघाला तेव्हा मी तो दोनदा भिंगाखाली धरून बघितला. माझ्या थेंबावर नेहमी एक पातळ मळी तरंगायची. मी तिला सवयीची मळी म्हणायचे, आणि कडेला कशी सारायची ते शिकवायचे. लख्खच्या थेंबावर मळीच नव्हती. स्फटिक आरशासारखा. थंड करून मोजण्याचं काम तळघरातल्या थंडीवाल्याकडे असतं. बारा महिने स्वेटर घालणारा तो माणूस कशानेही हुरळत नाही. तोही म्हणाला, "बाई, ही पोरगी तुमच्या पुढे गेली. हिच्या स्फटिकात थंड होताना वीज चार अंश आधीच मोकळी वाहायला लागते."

मात्र कुजबुज नव्हती.

सरांनी मोजणीचा कागद बाजूला सारला. "कच्चा आहे. त्या चार अंशांचं कारण दुसरं काहीतरी असेल. कुजबुज नाही म्हणजे स्फटिक नाही." मग लख्खकडे न बघता माझ्याशी बोलले, "हिचा करार महिनाअखेर संपतोय. आणखी एक संधी द्या. जमलं तर ठीक, नाहीतर आपण चौथा बघू." लख्ख बाहेर येऊन चिमटे धुवायला लागली. ते स्वच्छच होते.

मला मनापासून संताप आला, आणि खोटं कशाला बोलू, तिच्यापेक्षा माझ्यासाठी आला. चौथा म्हणजे आणखी एक वर्ष. ताईच्या डोळ्याकडे एक वर्ष नव्हतं. ठरवलं की हिच्या शेजारी बसून भुकटी खलण्यापासून शेवटपर्यंत बघायचं. कुठेतरी चुकत असणारच.

वजनं बरोबर. खलणं बरोबर. भाजणं बरोबर. मग कांडी करायची वेळ आली. त्याची रीत अशी की काळी भुकटी फुग्यासारख्या लांबट रबरी नळीत ठासून भरायची, हवा ओढून घ्यायची, तोंड बांधायचं आणि नळी पाण्याच्या टाकीत घालून दाब द्यायचा. मग पात्याने रबर चिरून आतली कांडी बाहेर काढायची. खडूइतकी नाजूक असते. लख्खने नळी आतून धुतली, वाळवली, भरली, दाबली आणि चिरली. कांडी रबराला चिकटली आणि मोडली. दुसरी मोडली. तिसरी, चौथी. एक अख्खी निघेपर्यंत ती दर वेळी अशीच भरत राहते, हे मला माहीत नव्हतं. ती मुकाट्याने पाचवी भरायला लागली.

"अगं, अशी कशी निघेल? आत जरा पावडर फिरव की," मी म्हटलं, आणि माझा हात आपसूक पर्समध्ये गेला.

बोटांना डबा लागला आणि मी तिथेच थांबले.

लहानपणापासून माझ्या मानेला घामोळं येतं. ताई म्हणायची, "मान वाकव," आणि खसाखसा पावडर घालायची. अजूनही दर भेटीत माझ्या बॅगेत घामोळ्याच्या पावडरचा एक डबा टाकतेच. अकरा वर्षांपूर्वी, भट्टी नवी होती तेव्हा, माझ्याही कांड्या अशाच मोडायच्या. दिव्यांच्या उकाड्याने मान पेटली होती. पावडर लावता लावता सुचलं, नळीलाही लावून बघावी. कांडी सालीतून केळं निघावं तशी निघाली. तेव्हापासून प्रत्येक नळीत एक चिमूट. ते वहीत कधी लिहिलं नाही. मानेची पावडर कोणी वहीत लिहितं का?

डब्यामागची बारीक अक्षरं वाचायची मला गरज नव्हती. घामोळ्याच्या पावडरीत काय असतं ते मला माहीत होतं, फक्त ते या खोलीत कधी माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यात झिंक असतं. आमच्या पदार्थाचं त्याच्याइतकं वाकडं दुसऱ्या कशाशी नाही. शंभरात एक कण शिरला तरी वाहणारी वीज अडखळते आणि आसपास चुंबकी गडबड उठते. मुद्दाम पदार्थ बिघडवून बघायचा असतो तेव्हा लोक तेच घालतात. आमच्या स्फटिकांत ते कोणी शोधलं नाही, कारण आमच्या इमारतीत ते नव्हतंच. माझ्या पर्समध्ये होतं.

"कोणती पावडर, मॅडम?" लख्खने विचारलं.

"काही नाही. चालू दे तुझं."

हात रिकामा बाहेर आला. म्हणजे हातांत काही नव्हतंच. जे होतं ते डब्यात होतं.

संध्याकाळी घरी जाऊन मी कपडे न बदलता पलंगावर बसून राहिले. आधी रडू आलं, मग स्वतःचीच कीव आली, आणि मग मन हलकट होतं तसं झालं. वाटलं, अगदी सोपं आहे. उद्या लख्खला डबा द्यायचा आणि सांगायचं की ही आमची जुनी युक्ती. कांडी निघेल, कुजबुज येईल, सर सही करतील, हिची नोकरी राहील. पंधरा दिवसांत मी ताईसमोर. कोणाचं काय बिघडलं? सगळ्यांचंच भलं. फक्त ती पोरगी माझ्या जागी बसेल आणि अकरा वर्षं माझी घाण वाढवत राहील. मी तरी नकळत केलं होतं. तिच्या हातून ते मी जाणूनबुजून करवून घेणार होते.

आणि तरीही सकाळी मी डबा तिच्यापुढे ठेवलाच. असं केलं, हे लपवत नाही.

लख्खने डबा उचलला आणि अर्थातच उलटा करून लेबल वाचलं. तिचा चेहरा पडला. "मॅडम, यात झिंक ऑक्साइड आहे." मग एकदम घाबरून म्हणाली, "हे तुम्ही कधी वापरलं नाही ना?"

या प्रश्नाला दोन अक्षरांत उत्तर देता आलं असतं. माझ्याच्याने देववलं नाही. "अकरा वर्षं," मी म्हटलं. "प्रत्येक कांडीला."

तिने डबा खाली ठेवला. मला वाटलं, चिडेल, धावत सुटेल. ती हळूच म्हणाली, "म्हणजे माझा स्फटिक चांगला होता." आणि तिथे स्टुलावर बसून हुंदके देऊन रडली. ती रोज घरी जाऊन स्वतःच्या हातांना शिव्या देत होती हे मला तेव्हा कळलं.

मी डबा घेतला आणि सरांच्या खोलीत गेले. सगळं सांगितलं. सरांनी चष्मा कपाळावर चढवला, लेबल वाचलं, पुन्हा वाचलं. चौकटीतल्या आलेखाकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही. म्हातारे दिसायला लागले एकदम. माझ्या मनात आलं, आता ओरडतील, आणि ओरडले असते तर बरं झालं असतं.

"आणखी कोणाला सांगितलंत?"

"लख्खला माहीत आहे."

"तिचा करार संपतोय," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. मग खण उघडून माझा अर्ज काढला, पेनचं टोपण उघडलं आणि सही केली. तीन वर्षं ज्यासाठी झुरले ते तीन सेकंदांत झालं. "तुम्ही दमला आहात. बहिणीकडे जा. आजच निघा. हा डबाही घेऊन जा."

मी कागद घेऊन व्हरांड्यात आले. शाई ओली होती. दार उघडं होतं, बॅग भरायला अर्धा तास पुरला असता, उद्या संध्याकाळी ताईच्या हातचा चहा. पायऱ्यांपर्यंत गेलेसुद्धा. तिथून भट्टीच्या खोलीचं दार दिसतं. आत लख्ख मोडलेल्या कांड्यांचे तुकडे एकेक करून कागदात गुंडाळत होती. तिच्या नावावर 'जमलं नाही' असा शेरा बसणार होता, आणि जगभर आमच्या स्फटिकांवर डोकी फोडणारी माणसं ताईच्या पावडरीत रहस्य शोधत राहणार होती. मी सुटले असते, पण पावडर आतच राहिली असती. मला स्वतःचा भयंकर राग आला. कागद बघितला. सही होती, घाईत तारीख घालायची राहिली होती. म्हणजे अजून मी इथलीच होते.

मी आत गेले. "तुझ्याकडे किती दिवस आहेत?"

"वीस."

"तेवढ्यात दोन कांड्या बसतात. एकाच भुकटीच्या. एक पावडर लावून, एक तुझ्यासारखी. रात्रीसाठी सरांकडे माणूस मागता येणार नाही. बारा तास तू, बारा तास मी. दोघींतली एकही कमी पडली तर नाही जमणार."

अर्ज मी वहीत ठेवला आणि त्याच पानावर तारीख घालून लिहिलं: 'नळीला आतून घामोळ्याची पावडर, एक चिमूट. गेली अकरा वर्षं.' लख्खने ती चिमूट माझ्या बोटांतून काट्यावर घेतली आणि तिचं वजन शेजारी लिहिलं.

पावडरवाली आधी लावली. मळी आली, माझी जुनी ओळखीची मळी. पहिल्यांदाच मला तिची किळस आली. नवव्या दिवशी तो स्फटिक उतरवला आणि दुसरी कांडी चढवली. सर इकडे फिरकले नाहीत. मी गेले नाही हे त्यांना कळलं असणारच, पण भट्टी बंद करा म्हणून त्यांचा निरोप आला नाही.

दुसऱ्या कांडीच्या चौथ्या दिवशी दुपारी ताईचा फोन आला. काचेवरची नजर न काढता मी तो कानाला लावला.

"अगं, विशेष काही नाही," ती म्हणाली. "सकाळपासून डावाही जरा... दुधातून बघितल्यासारखं दिसतंय. डॉक्टर म्हणतात, टिकेल असं वाटत नाही." आणि मग, "येतेस का?"

ताईने आयुष्यात मला असं विचारलं नव्हतं. नेहमी 'ये' म्हणायची. थेंब समोर लुकलुकत होता, कडेपर्यंत स्वच्छ, मळीचा ठिपकाही नसलेला.

"चार दिवसांनी निघते, ताई."

"चार दिवस," ती म्हणाली. "थेंब आहे का गं वर?"

"आहे."

"मग सांभाळ," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

लख्ख पाळीवर आली तेव्हा तिने माझं तोंड बघून ओळखलं. "तुम्ही जा, मॅडम. मी बघते."

"चार दिवस न झोपता?"

"बघते ना."

"गप्प बस," मी तिच्यावर खेकसले. ती झोपली असती आणि थेंब पडला असता, हे मला माहीत होतं आणि तिलाही. त्या चार दिवसांत मी थेंबाला इतक्या शिव्या घातल्या की विचारू नका. त्याला सोडून जाता येईना आणि त्याच्याकडे बघवेना.

स्फटिक उतरले. थंडीवाल्याला दोन डब्या दिल्या, एक आणि दोन, कोणती कोणाची ते न सांगता. तो वर आला तेव्हा सर आमच्या दारात उभे होते. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. थंडीवाला म्हणाला, "एकमध्ये कुजबुज आहे. दोनमध्ये काही नाही, वीज मात्र चार अंश आधी मोकळी."

सरांनी दोन नंबरची डबी उजेडात धरली. "छान वाढवलाय," ते लख्खला म्हणाले. मग माझ्याकडे हात केला. मला कळलं नाही, मग कळलं. मी वहीतून अर्ज काढून दिला. त्यांनी तारीख घातली. या वेळी पेनचं टोपण निघायला त्यांना वेळ लागला. ज्यांच्याकडे आमचे स्फटिक गेले होते त्या सगळ्यांना पत्रं लिहायला त्यांनी त्याच दिवशी सुरुवात केली, आणि लख्खचा करार वाढवला. चौकट भिंतीवरून निघाल्याचं मला नंतर लख्खनेच कळवलं.

ताईच्या घरी पोचले तेव्हा भर दुपार होती. दार उघडंच होतं. ती खुर्चीत, तोंड दाराकडे. मी समोर उभी राहिले, पूर्ण उजेडात. तिने माझ्याकडे पाहिलं, पाहतच राहिली आणि म्हणाली, "कोण आहे?"

"मी आहे, ताई."

ती उठली, चाचपडत आली, दोन्ही हात माझ्या तोंडावरून फिरवले. कपाळ, नाक, गाल. "वाळलीस," म्हणाली. माफी मागायची होती, ती राहूनच गेली. तिची बोटं मागे मानेवर गेली आणि थांबली.

"अजून येतंच का गं घामोळं? इतकं? पावडर संपली असेल तुझी." भिंतीला धरून ती कपाटापाशी गेली, डबा चाचपून काढला, परत आली. "मान वाकव."

मी वाकवली. तिने डबा उपडा केला तो माझ्यापासून वीतभर बाजूला. पावडर फरशीवर पडायला लागली. मी तिला कळू न देता सरकले आणि मान तिच्या हाताखाली नेली.